दूधआई आणि लाल गोंडा

रांग आमच्या दारातून निघून जिना उतरत होती आणि खाली सायकल दुरुस्तीच्या दुकानावरून वळून पार रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. कुणाचा गुडघा धरला होता, कुणाची मुलगी बोलत नव्हती, कुणाला नोकरी लागत नव्हती. प्रत्येकाला एक चमचा दूध हवं होतं.

आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीतलं शिवणयंत्र भिंतीला सरकवून त्यावर पांढरी चादर टाकली होती, आणि त्याच्यापुढे मांडलेल्या खुर्चीत ताई बसली होती. ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. तिला कधी मूल झालं नाही. त्याच कारणावरून सासरच्यांनी तिला बऱ्याच वर्षांपूर्वी एका सुटकेससकट आणून सोडलं होतं. आणि आता त्याच ताईच्या अंगावर दूध येत होतं.

"नऊ महिने नाहीत, कळा नाहीत, पाळणा नाही," मौनीबाबा रांगेला सांगत होता. "तरी दूध. विचारा विज्ञानाला. विज्ञान काय करतं? खाली मान घालतं."

रांगेतली माणसं माना डोलावत.

हा मौनीबाबा रोज सकाळी तासभर मौन पाळतो, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगत सुटे. तो तास आमच्या वाट्याला कधी आला नाही. उरलेला दिवस मात्र कान किटेपर्यंत आला. बाबा होण्याआधी तो याच गल्लीत पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा. तेव्हा आमच्या नळाला विष येत होतं, आता आमच्या घरात अमृत येत होतं. बोलणं तेच होतं, फक्त माल बदलला होता.

"कृपेचे तीन प्रकार असतात," तो बोटं पुढे करून सांगे. "पहिली दूधकृपा, ती तुम्ही पाहताच आहात. दुसरी भारकृपा. दूधआईचं डोकं ठणकतं, कारण एवढं मोठं तेज त्या लहानशा कपाळात मावत नाही. आणि तिसरी दृष्टिकृपा. ही बघा."

असं म्हणून तो ताईच्या कानाच्या जरा पुढे, बाजूला हात धरून बोटं हलवी. ताई समोर बघत शांत बसलेली असे. पापणीही हलत नसे.

"डावं नाही, उजवं नाही. संसाराकडे ढुंकूनसुद्धा बघत नाही. नजर सरळ."

लोक हात जोडत. मी आतल्या खोलीच्या दारात चिंगीला खांद्यावर घेऊन उभी असे आणि ताईची न हलणारी पापणी बघत राही.

चिंगी माझी मुलगी. ती झाल्यापासून मला एक वाईट सवय लागली आहे. मी सगळं बघत राहते. तिच्या नखांचा रंग, श्वासाची लय, दुधाचा वास, पाण्याची ऊब. नवरा म्हणायचा, "तू बाळंत झालीस की दुर्बीण गिळलीस?" तर या दुर्बिणीला ताईचंही बरंच काही दिसत होतं. ती दाराच्या चौकटीला खांदा घासून जायची. ताटाच्या कडेला ठेवलेली वाटी कोपराने लवंडायची. शिवायला बसली की सुईखालची टीप दोरीसारखी सरळ पडायची, पण कात्री यंत्राच्या कडेला असली तर, "अगं, कात्री कुणी नेली?" म्हणून घर डोक्यावर घ्यायची. डोकं दुखलं की ओढणी कपाळाला घट्ट बांधायची. मी म्हणायचे, "ताई, चल ना डॉक्टरकडे." ती म्हणायची, "तुझं आपलं काहीतरीच. चष्म्याचा नंबर बदलला असेल."

दूध पहिल्यांदा दिसलं तेव्हा ती रडणाऱ्या चिंगीला थोपटत होती. तिच्या ब्लाउजवर ओला डाग पडला होता. ती त्या डागाकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. लाज होती, भीती होती, पण त्यांच्याखाली काहीतरी उजळलं होतं. सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं, शेजारणीने मौनीबाबाला. पुढचं तुम्ही पाहिलंतच.

मला स्वतःला दूध पुरेसं येत नव्हतं. चिंगीला पावडरच्या डब्याची जोड द्यावी लागे. सासूबाई म्हणाल्या, "तुझं येत नाही, तिचं येतंय. पाज की तिला. घरची गंगा सोडून डबे कसले आणतेस?"

"आई, ते का येतंय हे कळल्याशिवाय नको."

"का येतंय म्हणजे? पावसाला विचारतेस का, का येतोस म्हणून?"

चिंगीला माझ्या हातात देऊन ताई आत गेली, आणि जाताना तिचा खांदा चौकटीवर आपटला.

*

चिंगीला तपासणीला न्यायचं होतं. ताईच्या मांडीवर ती शांत बसते, म्हणून मी ताईला बरोबर घेतलं. बाळांच्या डॉक्टरबाई बडबड्या होत्या. वजन घेतलं, टाळू दाबून पाहिली, मग खणातून लोकरीचा एक लाल गोंडा काढला.

"आता बघू, आमच्या बाईसाहेबांची नजर कशी आहे."

ताई खुर्चीत, चिंगी तिच्या मांडीवर, आणि डॉक्टरबाई समोरच्या स्टुलावर. त्यांनी गोंडा एका बाजूने, मागून सावकाश पुढे आणला. तो गालाच्या रेषेत येतो न येतो तोच चिंगीने मान वळवून हात पसरले.

"पाहिलंत आत्याबाई? किती पटकन."

"पण दाखवा ना आधी," ताई हसून म्हणाली. "गोंडा आणलाय कुठे अजून?"

गोंडा तिच्या गालाजवळ लोंबत होता. चिंगी तो ओढत होती.

डॉक्टरबाईंची बडबड थांबली. त्यांनी गोंडा तसाच हळूहळू पुढे आणला. बराच पुढे आल्यावर ताई म्हणाली, "हां, हा बघा आला." मग त्यांनी दुसऱ्या बाजूने आणला. तेच झालं. मग चिंगीला माझ्याकडे देऊन ताईचा एकेक डोळा झाकून आणला. दर वेळी बाहेरच्या बाजूचं अर्धं जग नाहीसं होतं.

"डोकं दुखतं का?"

"सगळ्यांचंच दुखतं."

"ताईंना दूधही येतं," मी म्हणाले. ताईने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दाबला, पण बोलणं तोंडातून निघून गेलं होतं.

डॉक्टरबाईंनी गोंडा खणात ठेवला. "उद्याच रक्त तपासा आणि डोक्याचा एमआरआय करा. मी बाळांची डॉक्टर आहे, पुढचं ग्रंथींचे डॉक्टर सांगतील. पण थांबू नका."

*

ग्रंथींचे डॉक्टर वयस्कर होते, सावकाश बोलणारे. त्यांनी एमआरआयची फिल्म प्रकाशात धरली. ताई, सासूबाई, नवरा आणि मी, चौघंही त्या काळ्यापांढऱ्या चित्राकडे बघत होतो.

"ही पिट्यूटरी. शाळेच्या पुस्तकात पीयूषिका म्हणून असते. मटाराएवढी ग्रंथी, मेंदूच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली. शरीराच्या बाकीच्या ग्रंथींना ही हुकूम सोडते. तुमच्या ताईंच्या मटारावर गाठ वाढली आहे."

"कॅन्सर?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. या गाठी बहुतेक साध्या असतात. पण जागा वाईट आहे. बरोबर वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात. गाठ खालून वर आली की त्या दाबल्या जातात आणि आधी बाजूचं दिसणं जातं."

मला मौनीबाबाची हलणारी बोटं आठवली. दृष्टिकृपा.

"मग काढून टाका ना," नवरा म्हणाला.

"आधी ती कुठल्या प्रकारची आहे ते ठरवायचं. एका प्रकारची गाठ वाढीचं हार्मोन करते. माणसाची बोटं, जबडा मोठा होतो, चपला लहान पडायला लागतात. दुसऱ्या प्रकारात चेहरा गोल होतो, अंग सुटतं, रक्तदाब चढतो. काही गाठी काहीच करत नाहीत, नुसत्या जागा अडवतात. आणि एक प्रकार प्रोलॅक्टिन करतो. बाळंतिणीला दूध आणणारं हार्मोन ते हेच."

सासूबाई जरा चिडून म्हणाल्या, "नावं ठेवत बसून काय होणार, डॉक्टर?"

"नावावरच उपचार ठरतो, आजी. बाकीच्या प्रकारांना बहुधा शस्त्रक्रिया लागते. दुधाच्या प्रकाराला आधी गोळी. बहुतेकांची गाठ गोळीने आक्रसते, डोळ्यांच्या नसा मोकळ्या होतात. आता फसगत कुठे होते सांगतो. गाठ कुठलीही असली आणि तिने ग्रंथीचा देठ दाबला, तरी थोडं दूध येऊ शकतं. म्हणून नुसतं दूध पाहून प्रकार ठरवत नाहीत, रक्तात प्रोलॅक्टिन किती आहे ते बघतात. थोडंसं वाढलेलं असतं तर मला शंका आली असती. यांचं इतकं वाढलंय की शंकेला जागा नाही."

मग ते ताईकडे वळले. "पाळी नियमित येते?"

ताईने आईकडे पाहिलं. सासूबाई फिल्मकडे बघत होत्या.

"येते," ताई म्हणाली.

आईसमोर डॉक्टरांनी पुढे खोदलं नाही. आठवड्यातून दोनदा घ्यायच्या लहानशा पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या. जाताना म्हणाले, "दूध बंद होईल. ते चांगलं लक्षण समजा."

हेच वाक्य मौनीबाबाच्या हाती लागलं.

"बघा, डॉक्टर स्वतःच म्हणतो, दूध सुकवतो," तो ताईपुढे बसून म्हणाला. आवाज मधासारखा. "म्हणजे काय सुकवतो? आईपण. लोकांनी तुला एकदा रिकामी म्हणून परत पाठवली. आता भरलीस, तर हे पुन्हा रिकामी करायला निघाले. रांग बघ. एवढी लेकरं कुणाला असतात?"

"गाठ आहे तिच्या डोक्यात," मी म्हणाले. "फिल्मवर दिसतेय."

"तेजाची गाठ आहे, सूनबाई. शिकलेल्या माणसाला नुसती गाठ दिसते."

ताई माझ्यासमोर गोळी तळहातावर घ्यायची, तोंडाशी न्यायची, वर पाणी प्यायची. मला वाटलं, चला, एवढं तरी होतंय. पण दूध थांबेना. डोकं ठणकायचं थांबेना. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, "गोळ्या नक्की घेताहेत ना?" मी म्हणाले, "माझ्यासमोर घेतात."

*

त्याच सुमारास डबा खाली जायला लागला.

मी चिंगीचं दूध करताना चमच्यावरची पावडर सुरीच्या पाठीने सपाट करते. त्यामुळे डब्यात पावडर कशी लिंपलेल्या जमिनीसारखी दिसते. एक दिवस पाहिलं, तर मधोमध खड्डा. कुणीतरी मोठ्या डावाने उपसली होती. मला आधी माझाच संशय आला, झोप पुरी न झालेल्या बाईला कशाचाही संशय येतो. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा खड्डा. आणि मग एक साधी गोष्ट लक्षात आली, जी मला पहिल्याच दिवशी खटकायला हवी होती. ताईला दूध येत होतं ते थेंब थेंब. रांगेला वाटलं जात होतं पातेलंभर. ते पातेलं मौनीबाबा "सिद्ध करायला" म्हणून एकटा स्वयंपाकघरात न्यायचा आणि आतून कडी लावायचा.

मी डबा माझ्या कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली.

त्या दिवशी मौनीबाबा स्वयंपाकघरातून बऱ्याच वेळाने बाहेर आला. कपाळावर घाम होता. रांगेला म्हणाला, "आज दूध मौनात आहे. उद्या या."

"कमाल आहे," मी सासूबाईंना म्हणाले, "चिंगीचा डबा कुलपात गेला आणि ताईचं दूध मौनात गेलं."

सासूबाईंनी माझ्याकडे रागाने पाहिलं. पण त्या राहिल्या विचार करत. भाजी निवडताना त्यांचे हात मध्येच थांबत होते.

दुसऱ्या दिवशी पातेलं पुन्हा भरलेलं बाहेर आलं. मौनीबाबा पहिल्या म्हातारीच्या ओंजळीत चमचा रिकामा करणार, तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. "आज आधी मला. मी तिची आई आहे." त्याला नाही म्हणता येईना. त्यांनी चमचा तोंडात रिकामा केला आणि जिभेवर घोळवला. दोन लेकरं वाढवलेली बाई ती.

"व्हॅनिला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"व्हॅनिलाचा वास आहे याला. माझ्या पोरीच्या दुधाला व्हॅनिलाचा वास कुठून आला रे?"

नवरा तरातरा स्वयंपाकघरात गेला आणि मौनीबाबाच्या पिशवीतून एक डबा घेऊन आला. म्हाताऱ्यांना ताकद येण्यासाठी विकतात ती पावडर. त्यावर एक हसरे आजोबा टेकडी चढत होते. नवऱ्याने तो सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

खोलीत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "पण माझा गुडघा हलका झाला त्याचं काय?"

"डब्यावर लिहिलंय की, हाडांना बळकटी," सासूबाई म्हणाल्या. "घरी आणून पी. जिना चढायचा त्रास तरी वाचेल."

दोघंतिघं हसली. मौनीबाबा म्हणाला, "साधन कुठलंही असो, भाव महत्त्वाचा." नवऱ्याने त्याची पिशवी त्याच्या हातात दिली आणि त्याला जिन्यापर्यंत सोडलं. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही त्याचं मौन पाहिलं.

मला जिंकल्यासारखं वाटत होतं. मग मी ताईकडे पाहिलं. ती अजून त्याच खुर्चीत बसली होती, नजर सरळ. रांग पांगताना तिला कडेने दिसत नव्हती, फक्त पावलं ऐकू येत होती.

"म्हणजे माझं कुणीच प्यायलं नाही," ती म्हणाली.

तिला डब्याचं काहीच ठाऊक नव्हतं. आपण इतक्या लोकांच्या आई झालो, असं तिने खरंच मानलं होतं. मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही, पण माझा धरलाही नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शिवणयंत्रावरची चादर काढली आणि सुईत दोरा ओवायला बसली. मी चिंगीला भरवत होते. ताई म्हणाली, "दिवा गेला का गं?" खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. मग तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि तिला भडभडून उलटी झाली. एका डोळ्याची पापणी खाली लोंबत होती.

गाठीत रक्तस्राव झाला होता. नाकावाटे शस्त्रक्रिया करून त्यांनी गाठ काढली. जीव वाचला. एक डोळा गेला. दुसऱ्या डोळ्याला नळीतून बघावं तसं समोरचं थोडंसं दिसतं.

ती दवाखान्यात असताना मी चिंगीच्या झबल्याला बटण लावायला ताईचा बटणांचा डबा उघडला. पांढऱ्या बटणांत पांढऱ्या गोळ्या होत्या. सगळ्या. ती गोळी ओठांशी नेऊन परत मुठीत घेत असणार, आणि माझी दुर्बीण नेमकी तिथे कमी पडली. मी त्या निवडून काढत बसले. काही बटणंच निघाली. रडत असताना फरक कळत नव्हता.

घरी आल्यावर काही दिवसांनी ग्रंथींच्या डॉक्टरांकडे गेलो. काढलेल्या गाठीच्या तपासणीचा अहवाल आला होता. प्रकार तोच, दुधाचा. ताईने तो शांतपणे ऐकला आणि म्हणाली, "डॉक्टर, मागे मी खोटं सांगितलं. माझी पाळी लग्नाच्या आधीपासूनच धड येत नव्हती. नंतर बंदच झाली."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "मीच बजावलं होतं तिला," त्या म्हणाल्या, "सासरी बोलू नकोस, लोक नावं ठेवतील."

"तेव्हा ही गाठ असेल का?" ताईने विचारलं.

डॉक्टरांनी अहवालाचा कागद खाली ठेवला. "खात्रीने सांगता येणार नाही. पण या गाठी सावकाश वाढतात, आणि हे हार्मोन वाढलं की पाळी थांबते, मूल राहत नाही. बहुधा असावी. लहान असावी."

"आणि तेव्हा गोळी घेतली असती तर?"

"पुष्कळ बायकांना पुढे मुलं होतात," डॉक्टर म्हणाले.

परत येताना रिक्षात माझ्या मनात एकच येत होतं. एका मटाराएवढ्या ग्रंथीपायी लोकांनी तिला वांझ म्हणून घराबाहेर काढलं आणि त्याच ग्रंथीपायी आई म्हणून खुर्चीत बसवलं. दोन्ही वेळा तिच्याभोवती गर्दी होती. दोन्ही वेळा एकानेही विचारलं नाही, की बाई, तुला नेमकं काय होतंय?

मौनीबाबा आता दुसऱ्या गल्लीत आहे म्हणतात. तिथे एका मुलाच्या अंगावर अक्षरं उमटतात. लोक रांग लावतात. त्या रांगेतल्या माणसांवर मी हसणार नाही. दुखलं की माणूस दार शोधतो, आणि डॉक्टरांच्या दारापेक्षा हे दार जवळ असतं. पण माझं एवढं ऐका. शरीर काही वेगळं वागायला लागलं, तर त्याला कृपाही म्हणू नका आणि शापही म्हणू नका. आधी कारण शोधा. लपवू नका. पोरीबाळींना लपवायला शिकवू नका. कारणाला नाव मिळालं, तर पुष्कळदा एका छोट्या गोळीवर भागतं. नाव मिळायला उशीर झाला, तर काय जातं ते माझ्या घरात रोज दिसतं.

डॉक्टरबाईंनी तो लाल गोंडा चिंगीला देऊन टाकला. चिंगी आता दुडूदुडू चालते. काही दाखवायचं असलं की ती माझ्याकडे येऊन ते कुठूनही माझ्या अंगावर फेकते. पण ताईकडे जाताना तसं करत नाही. काल ती ताईच्या पाठीमागून निघाली, खुर्चीला हात धरत धरत वळसा घालून पुढे आली, तिच्या गुडघ्यांमध्ये उभी राहिली, आणि गोंडा बरोबर तिच्या नाकासमोर धरला.

"दिसला," ताई म्हणाली. "लाल आहे."

चिंगीला हे कुणी शिकवलेलं नाही. आत्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे तिने फक्त नीट पाहिलं होतं.